स्वातीकाकूंची नव्वद माणसं

मागच्या हिवाळ्यात इंग्लंडातल्या आमच्या मिल्टन कीन्समध्ये एक बातमी पसरली होती की स्वाती गावंडेकाकूंनी एका मराठी सिनेमात म्हशीचा आवाज दिलाय. इंडियन दुकानात कोथिंबिरीच्या जुड्या उलट्यापालट्या करताना लोक हे एकमेकांना सांगायचे आणि सांगून झालं की हळूच म्हणायचे, "पण शोभेल हं!"

हे खोटं आहे. म्हशीचा आवाज म्हशीनंच दिलाय. काकूंनी दिलाय तो सासूचा. ही सासू पडद्यावर दिसत नाही. ती आजारी असते आणि आतल्या खोलीतून एकदाच ओरडते, "दार लाव गं पोरी!" बस, चार शब्द. ते काकूंनी स्वतःच्या घरी जिन्याखालच्या कपाटात, व्हॅक्यूम क्लीनर आणि हिवाळी कोट यांच्यामध्ये बसून फोनवर रेकॉर्ड केले. एक्केचाळीस वेळा. तिसाव्या वेळेला नंदूकाका, म्हणजे त्यांचे मिस्टर, सोफ्यावरून उठले आणि खरंच पुढचं दार लावून आले.

म्हशीची बातमी कोणी पसरवली? मी. मला आवाज काढता येतात, आणि काकूंचा आवाज हा माझा हुकमी एक्का. पॉटलकला जेवणं झाली की कोणीतरी म्हणायचंच, "सान्वी, ती नागपूरवाली कर ना!" मग मी ओढणी खोचून, मान वाकडी करून सुरू व्हायची, "काय करून राहिले बापा तुम्ही? भात घेऊन राहिले का नाई?" लोक पोट धरून हसायचे. सगळ्यांत जास्त माझी आई हसायची. ती पुण्याची आहे.

खऱ्या काकूंचे आवाज दोन आहेत. त्या आमच्या शाळेत इन्व्हिजिलेटर, म्हणजे परीक्षेच्या पर्यवेक्षक, आहेत. परीक्षा असली की हॉलच्या टोकाला उभ्या राहतात आणि असलं स्वच्छ इंग्रजी बोलतात की वाटावं, बातम्याच सांगतायत. "यू हॅव फाइव्ह मिनिट्स रिमेनिंग." माझ्या जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीला, त्यांनी नियमाप्रमाणे माझ्या पाण्याच्या बाटलीचं लेबल सोलून काढलं होतं आणि मला ओळखसुद्धा दाखवली नव्हती. त्याच संध्याकाळी आमच्या दारात सांबारवडीचा, म्हणजे नागपुरी कोथिंबीरवडीचा, डबा घेऊन उभ्या. "घे बापा. दुपारी तोंड किती उतरून राहिलं होतं तुझं!" हॉलमध्ये बीबीसी, दारात नागपूरची सीताबर्डी.

ही सीताबर्डी आमच्या मराठी मंडळाला कधी पचली नाही. मंडळाचे अध्यक्ष रघुवीरकाका. मूळचे पुण्याचे, इथे आयटीत, आणि प्रत्येक नामाआधी थांबणारे. "आपल्याला आता… अं… काय म्हणतात त्याला… खुर्च्या मांडायच्या आहेत." बावीस वर्षांपूर्वी, म्हणजे माझा जन्म व्हायच्या आधी, गणपतीत काकूंनी पहिल्यांदा माइक घेतला होता. निरोप साधा होता. एक निळी गाडी कोणाच्या तरी गाडीला आडवी लागली होती. काकू म्हणाल्या, "ज्यायची निळी गाडी आहे त्यायनी काढून घ्या ना बापा, मागचे लोक अडकून राहिले." हॉलभर हशा. रघुवीरकाकांनी माइक हातातून घेतला आणि प्रेमाने सांगितलं, "स्वातीताई, 'अडकून राहिले' नव्हे. 'अडकले आहेत'." त्यानंतर काकूंच्या वाट्याला माइक आला नाही. वाढप आलं. बावीस वर्षं वरणाचा डाव त्यांच्या हातात.

आता सिनेमा. त्याचं नाव 'जावाजावांचा धुरा'. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. वर्ध्याकडच्या एका शाळामास्तरांनी शंभर वर्षांपूर्वी लिहिलेली ही कादंबरी. दोन जावांचं बांधावरून भांडण होतं आणि तीस वर्षं त्या एकमेकींशी बोलत नाहीत. जे काय बोलायचं ते म्हशीला सांगतात, दुसरीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा. काकूंची भाची अनुया नागपूरला असते. तिने अकरा माणसं, एक कॅमेरा आणि एक म्हैस एवढ्यांत हा सिनेमा केला. त्यातलं एकूण एक माणूस काकूंसारखं बोलतं. सासूचं काम केलेल्या बाई मात्र मुंबईच्या निघाल्या. त्यांचे चार शब्द कानाला खटकायला लागले, म्हणून ते आत्याकडून कपाटातून मागवले.

अनुयाने आत्याला व्हॉइस नोट पाठवली. "आत्या, यूकेत एक तरी शो लाव ना वो. एकच." काकूंनी लगेच आमच्या इथलं छोटं सिनेमाघर गाठलं. एकशे चाळीस खुर्च्या. मॅनेजर भला माणूस. त्याने मार्चमधला एक रविवार दिला, सकाळी अकराचा. अट एकच होती. आधीच्या मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत नव्वद तिकिटं गेली पाहिजेत, नाहीतर शो रद्द.

मग प्रसिद्धी सुरू झाली. काकू गाडी चालवत नाहीत. मिल्टन कीन्समध्ये गाडी न चालवणं म्हणजे पाण्यात राहून पोहायला न येणं. पण त्यांच्याकडे सायकल आहे आणि आमच्या गावाकडे रेडवे, सायकलींचे लालसर रस्ते. पिवळं चमकणारं जाकीट घालून, पाठीवर पोस्टरांची गुंडाळी बांधून काकू गावभर फिरल्या. इंडियन दुकानाच्या काचेवर पोस्टर लागलं. दोन दिवसांनी त्यावर बॉलिवुड झुंबाचा कागद आला, त्यावर घरगुती ढोकळ्याचा, त्यावर 'रूम टू लेट, व्हेज ओन्ली'. शेवटी म्हशीचा एक डोळा तेवढा उरला. तो डोळा येणाऱ्याजाणाऱ्याकडे असा बघायचा की जणू तिकीट काढलंस का विचारतोय.

मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काकूंनी ट्रेलर टाकला. एकशे त्रेचाळीस मेंबर. अठ्ठावन्न अंगठे आले, सतरा हृदयं, नऊ जोडलेले हात. तिकिटं गेली सहा. त्यांतली दोन काकूंची आणि नंदूकाकांची.

नंतर हळूहळू प्रश्न आले. "जेवण आहे का?" "नंतर चहा तरी?" "पार्किंग फ्री का?" आणि एक मला फार आवडलेला, "भाषा कळेल ना आपल्याला?" रघुवीरकाकांनी खासगीत माझ्या आईला सांगितलं, "मंडळाने पाठिंबा द्यायला… अं… हरकत नाही. पण बोली जरा… ग्रामीण आहे ना. आपली मुलं आधीच 'माझा आई' म्हणतात. त्यात हे."

त्याच आठवड्यात आईने मला काकूंचा सांबारवडीचा डबा परत द्यायला पाठवलं. काकू कणीक मळत होत्या.

"ये पोट्टी. बस. तू माझी नक्कल करते म्हणे?"

मी म्हटलं, "कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणून राहिले. मस्त करते म्हणतात. मीच नाई पाह्यली अजून."

मी विषय बदलायला म्हटलं, "काकू, तुमची किती तिकिटं गेली?"

"सहा."

"मग काय करणार?"

"नव्वद करणार."

मला हसू आलं. ते त्यांनी बघितलं. मी म्हटलं, "काकू, ही माणसं अंगठा दाखवतात, येत नाहीत. समजा आली, तरी अर्ध्यात उठून जातील. मी पैज लावते. नव्वद माणसं शेवटपर्यंत बसणार नाहीत."

काकूंचे हात कणकेत थांबले. "हरली तर?"

"तुम्ही सांगा."

"तू हरली तर माझी नक्कल माझ्यासमोर करायची. सगळ्यायसमोर."

"आणि तुम्ही हरलात तर?"

"तर यंदा गणपतीत मी दिवसभर रघुवीरजींसारखी बोलीन. आपल्याला आता… अं… काय म्हणतात त्याला… वरण वाढायचं आहे."

मी खुर्चीवरून पडायची बाकी होते. बावीस वर्षं माणसाचा आवाज जवळून ऐकला की असा काढता येतो. माझ्यापेक्षा भारी होता, हे मी त्या दिवशी कबूल केलं नाही.

मग मी विचारलंच, "काकू, एका सिनेमासाठी एवढं कशाला?"

त्यांनी कणकेचा गोळा उलटा केला. "बावीस वर्षं मी तोंड उघडलं की हे हसून राहिले. आता यायनी अंधारात दोन तास गप बसून ऐकावं. बस." आणि लगेच, "वडी घेऊन जा. डबा रिकामा नाई नेत."

ग्रुपवर चमत्कार घडला तो पुढच्या दिवशी. काकूंनी नवा मेसेज टाकला, "सिनेमा अभिजात कादंबरीवर आहे." त्यातला 'अभिजात' हा शब्द आमच्या लोकांना लागला. तिकीट न काढणं एक वेळ ठीक, पण अभिजात वाचलेलं नसणं? रघुवीरकाकांचा मेसेज आला: "अप्रतिम कादंबरी! शाळेत असताना तीनदा वाचली. त्यातलं नदीचं वर्णन आजही डोळ्यांसमोर उभं राहतं." आईने लिहिलं: "शेवट वाचून मी आठवडाभर जेवले नव्हते." अपूर्वदादाने, जो रीडिंग गावातल्या बँकेत आहे आणि सगळंच एका बैठकीत करतो, लिहिलं: "रेड इट इन वन सिटिंग! महायुद्धाचा भाग तर मास्टरपीस!" संध्याकाळपर्यंत सत्तावीस जणांनी कादंबरी वाचलेली होती. कोणी दोनदा, कोणी आजीच्या मांडीवर.

आता खरं सांगते. ती कादंबरी साठ वर्षांत परत छापलेली नाही. एकुलती एक प्रत अनुयाच्या आजोबांच्या ट्रंकेत निघाली आणि तिच्या झेरॉक्सवरून सिनेमा झाला. काकूंच्या हिशेबाने आजच्या घडीला ती जगात चौदा माणसांनी वाचलेली आहे. त्यातली अकरा सिनेमाच्या युनिटमध्ये आहेत. आणि तिच्यात नदी नाही. महायुद्ध नाही. शेवटी दोघी जावा एका ताटात जेवतात.

दुसरं कोणी असतं तर ग्रुपवर तोंडावर पाडलं असतं. पण इन्व्हिजिलेटरला एक शिस्त असते. पोरगं कॉपी करताना दिसलं तर ओरडायचं नाही, कागद हिसकायचा नाही. सीट नंबर, वेळ आणि काय दिसलं, एवढं शांतपणे वहीत लिहायचं. काकूंनी कडक पुठ्ठ्याची निळी वही काढली आणि सत्तावीस नोंदी केल्या.

शनिवारी त्यांनी मला बोलावून समोर बसवलं. "पैज आहे तर साक्षीदार पाह्यजे." फोन स्पीकरवर. पहिला नंबर रघुवीरकाकांचा.

"रघुवीरजी, सिनेमानंतर परिसंवाद ठेवून राहिली मी."

"परिसंवाद?" आवाजाला एकदम इस्त्री झाली. "वा. आणि… अं… अध्यक्ष?"

"तुमच्याशिवाय कोण आहे बापा?"

"छे छे. म्हणजे… लोकांचा आग्रहच असेल तर…"

"आणि अध्यक्षीय भाषणाला विषय दिला मी. 'कादंबरीतील नदी: एक आकलन'."

पलीकडून आधी त्यांच्या किचनमधल्या डिशवॉशरचा आवाज आला, मग त्यांचा.

"नदी हा विषय जरा… अं… व्यापक…"

"तुम्हीच लिहिलं ना ग्रुपवर. माझ्याजवळ लिहून आहे. सोमवार, संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटं."

"हो हो. नदी. अर्थात. कार्यक्रमपत्रिका छापणार आहात का?"

"रंगीत."

"मग ठीक आहे."

मी उशीत तोंड घालून हसत होते. काकू हसल्या नाहीत, त्यांनी वहीत खूण केली आणि दुसरा नंबर लावला. आईला विषय मिळाला 'शेवट आणि माझी भूक'. अपूर्वदादाला 'महायुद्धाची सावली'. अशा सत्तावीस फोनांत काकूंना एकाही माणसाने नाही म्हटलं नाही. म्हणणार कसं? वाचलंय असं सगळ्यांच्या देखत लिहून बसलेले. आणि पत्रिकेत नाव! अध्यक्ष, उद्घाटक, स्वागताध्यक्ष, बीजभाषण, आणि खाली प्रमुख वक्त्यांची रांग. आपल्यात लग्नाला जायचं टाळता येतं, पत्रिकेत नाव असलेल्या कार्यक्रमाला जायचं टाळता येत नाही.

रविवारी सकाळी पत्रिका ग्रुपवर पडली आणि शनिवारच्या एकतीस तिकिटांना पाय फुटले. कारण वक्ता एकटा येत नाही. वक्त्याबरोबर बायको येते, ती व्हिडिओ काढते. मुलं येतात, त्यांना आईबाबा कोण आहेत ते कळायला हवं. सहा महिन्यांच्या व्हिजावर आलेले सासूसासरे येतात, त्यांना गावी फोटो पाठवायचे असतात. सोमवारी सकाळी एकसष्ट. मंगळवारी दुपारी चौऱ्याऐंशी. पाचला वीस मिनिटं असताना अजून एकोणनव्वदच, आणि काकू फोन समोर ठेवून मटार सोलत होत्या. मी शेजारी बसून घड्याळ बघत होते, आणि माझ्या चेहऱ्यावर जिंकल्याचं हसू होतं हे मला माहीत आहे. पाचला नऊ मिनिटं कमी असताना रघुवीरकाकांनी एकदम सात काढली. पुण्याहून त्यांचे साडू आले होते, सहकुटुंब. शहाण्णव.

मधल्या दिवसांत आमच्या घरात जे चाललं ते बघण्यासारखं होतं. आई म्हणायची, "सान्वी, इंटरनेटवर सारांश बघ ना. मला आठवतंय सगळं, पण नावं आठवत नाहीत." सारांश कुठेच नव्हता. अपूर्वदादाने शेवटी एआयला विचारलं. त्याने न अडखळता चार परिच्छेद दिले, ज्यांत नदीही होती आणि महायुद्धही. ते त्याने ज्यांना ज्यांना पाठवलं, त्यांच्या घरी त्या दिवशी दिवाळी. रघुवीरकाकांचा लगेच फोन आला, "मी म्हटलं नव्हतं? नदी… अं… आहेच."

मला तेव्हाही वाटत होतं की पैज मीच जिंकणार. येतील, पंधरा मिनिटं बसतील आणि म्हशीसमोरचं दुसरं भाषण झालं की एकेक करून टॉयलेटला जातील ते चहालाच दिसतील.

पण काकूंचा सिनेमाहॉल म्हणजे परीक्षेचा हॉल, हे मी विसरले होते. गळ्यात शाळेचं ओळखपत्र, हातात क्लिपबोर्ड. प्रत्येकाला सीट नंबर. वक्ते सगळे ओळींच्या मधोमध, म्हणजे उठायचं तर दोन्ही बाजूंना सहा सहा जणांचे गुडघे ओलांडायचे. बोलायचा क्रम जाहीर केलेला नव्हता, म्हणून शेवट बघितल्याशिवाय कोणाची सुटका नव्हती. "फोन्स ऑफ, प्लीज. नॉट सायलेंट. ऑफ." तो बातम्यांचा आवाज ऐकून पुण्याच्या साडूंनी हातातलं घड्याळसुद्धा काढून खिशात टाकलं. बरोबर अकराला दार बंद. अपूर्वदादा सहा मिनिटं उशिरा आला. काकूंनी वेळ लिहून घेतली आणि त्याला दारालगतच्या खुर्चीवर बसवलं.

सुरू झाला सिनेमा. पहिल्या दहा मिनिटांत लोक हसले. पडद्यावर कोणी "काहून" म्हटलं की हसायचे, "करून राहिली" म्हटलं की हसायचे, सवयच ती. मीही हसले. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या, हात मागे. हॉलमध्ये उभ्या असतात तशाच. हसणाऱ्यांकडे त्या बघत नव्हत्या, हे मी बघितलं. मग हळूहळू हसू थकलं. दोन तास सगळेच असं बोलत असतील तर हसणार कुणाला? धाकटी जाऊ म्हशीला मोठीबद्दल एक शेलकी गोष्ट सांगते, तिथे मात्र हॉल खदखदला. तो हशा वेगळा होता, त्यात म्हैससुद्धा सामील असावी असं वाटलं.

रघुवीरकाकांचं सांगायलाच हवं. लांबचं दृश्य आलं की ते पुढे सरकायचे. शेतं. मागे टेकायचे. परत लांबचं दृश्य, परत पुढे. बाभळी. एकदा म्हैस डबक्यात जाऊन बसली तेव्हा ते ताठ झाले आणि खिशातून पेन काढलं. म्हैस उठली, डबकं संपलं, पेन खिशात.

आणि मग तो प्रसंग आला. रिकामं अंगण. वारा सुटलेला. धाकटी उंबऱ्यात उभी, आतून आवाज: "दार लाव गं पोरी!"

मी हा आवाज शंभर वेळा काढलाय. पण तो मोठ्या स्पीकरमधून, अंधारात, असा आजारी आणि असा हुकमी मी कधी ऐकला नव्हता. दारालगतच्या खुर्चीवरून अपूर्वदादा उठला, हॉलचं किंचित उघडं राहिलेलं दार नीट लावलं आणि परत बसला. एकही माणूस हसला नाही. काकूंचे मागचे हात पुढे आले आणि त्यांनी क्लिपबोर्ड छातीशी धरला, एवढंच मला दिसलं.

दिवे लागले. काकूंनी ओळीओळीने डोकी मोजली, दोनदा. माइक हातात घेतला. बावीस वर्षांनी.

"शहाण्णव आले होते. एका बाळाचं नॅपी, त्याच्यासंगं चौघं गेले. ब्याण्णव बसून आहेत." माझ्याकडे बघितलं. "आता परिसंवाद. मॅनेजरसाहेबांनी पंधरा मिनिटं दिली. वक्ते सत्तावीस. प्रत्येकी तेहतीस सेकंद. अध्यक्षमहाराज, या बापा. नदीवर."

मला वाटलं, आता. आता हा माणूस कबूल करणार किंवा पळणार. रघुवीरकाका उठले, चष्मा पुसला, त्यातच दहा सेकंद घालवली, आणि म्हणाले, "नदी… आपल्याला दिसली नाही." "हीच… अं… लेखकाची ताकद आहे. नदी दाखवली असती तर ती केवळ पाणी राहिली असती. न दाखवल्यामुळे ती दोन जावांच्या मधून… अं… वाहते. आणि सबटायटल्स उत्तम होती, त्यामुळे भाषा कुठेही अडली नाही." टाळ्यांचा कडकडाट. साडूंनी उभं राहून वाजवल्या.

मी काकूंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "हाव ना. सबटायटलं तुमच्यासाठीच टाकली होती," आणि वहीत काहीतरी लिहिलं. रघुवीरकाका वाकून धन्यवाद म्हणाले.

असली माणसं अडकत नाहीत. अपूर्वदादाने सांगितलं की दोन जावांचं भांडण हेच महायुद्ध. आई म्हणाली की शेवटच्या ताटात इतकं प्रेम होतं की तिचं पोट वाचूनच भरलं, म्हणून ती आठवडाभर जेवली नव्हती. सत्तावीसच्या सत्तावीस जण न वाचलेल्या पुस्तकावर तेहतीस सेकंद अस्खलित बोलले. मॅनेजर दारात उभा राहून कौतुकाने बघत होता. एवढी वाचणारी कम्युनिटी त्याने पाहिली नव्हती. त्याने काकूंना तिथेच विचारलं, एप्रिलमध्ये अजून एक शो लावायचा का? नॉटिंगहॅमहून आलेल्या एक बाई तिकडच्या सिनेमाघरातही विचारते म्हणाल्या. काकूंनी दोन्ही वहीत लिहून घेतलं.

मला वाटलं, सुटले. एवढ्या गडबडीत पैज कोणाच्या लक्षात राहणार?

"आभार राहिले," काकू म्हणाल्या. "पत्रिका काढा."

मी पत्रिका काढली. सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, जिथे कधीच कोणी वाचत नाही तिथे छापलं होतं: 'आभार प्रदर्शन: कु. सान्वी'. शनिवारी छापायला दिलेली पत्रिका. तेव्हा तिकिटं एकतीस होती.

मी पुढे गेले. काकूंनी माइक दिला आणि पहिल्या ओळीतल्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसल्या, हाताची घडी घालून. ब्याण्णव माणसं. नंदूकाका मान हलवून धीर देत होते. मी ओढणी खोचली, मान वाकडी केली. "काय करून राहिले बापा तुम्ही? भात घेऊन राहिले का नाई? सगळ्यायचे आभार मानून राहिली मी…"

कोणी हसलं नाही. पॉटलकला हमखास हशा पिकवणारी वाक्यं होती ती. पण दोन तास खरं ऐकून बसलेल्या कानांना ते कसं लागत होतं, ते मला स्वतःलाच ऐकू यायला लागलं. पत्र्याच्या डब्यात खडे. तेहतीस सेकंद किती लांब असतात हे पेपर सोडवणाऱ्याला विचारा. आई जमिनीकडे बघत होती.

काकूंनी घड्याळ बघितलं, उठल्या, माझ्या हातातून माइक घेतला आणि तो बंद करून म्हणाल्या, "हे मी नाई ना पोट्टी. ही तर तुझी आई आहे, मला हसताना." मग त्यांनी निळी वही उघडून माझ्या नावापुढे वेळ लिहिली. "गणपतीत पुन्हा परीक्षेला बस. तोवर शनिवारी येत जा घरी, ऐकायला."